खडक धरतो, सोडतो, सोसतो

शेल हा खडक इगतपुरी तालुक्यातल्या घोटीत सापडत नाही. कळसूबाईच्या कड्यांत तो नाही, विहिरींच्या खोदाईत लागत नाही, इगतपुरी आणि कसाऱ्यादरम्यान समृद्धी महामार्गासाठी खोदलेल्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातही तो लागला नाही. इथे सगळीकडे बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. असे असताना शेलचे भौतिक गुणधर्म आणि ऊर्जा या विषयाची प्रस्तावना घोटीपासून सुरू करतो आहे, याचे कारण सरळ आहे. खडकाकडून ऊर्जा मिळवताना जे गुण निर्णायक ठरतात, ते घोटीच्या परिसरात उघड्यावर पाहता येतात. शेलमध्ये तेच गुण दोन-तीन किलोमीटर खोलीवर, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या आकारात काम करतात. दिसणारे आधी नीट पाहिले, तर न दिसणारे समजायला जड जात नाही.

हे गुण मुख्यतः तीन. खडक किती धरतो, धरलेले किती सोडतो आणि आपण घातलेला भार किती सोसतो. शास्त्रात यांना सच्छिद्रता, पार्यता आणि सामर्थ्य म्हणतात. पुस्तकाचे तीन भागही याच क्रमाने केले आहेत. ऊर्जेच्या सार्वजनिक चर्चेत आपण बहुधा पहिल्याच प्रश्नापाशी थांबतो. अमुक खोऱ्यात एवढा वायू, तमुक ठिकाणी एवढे तेल, अशी साठ्याची बातमी होते आणि देश श्रीमंत झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्ष निकाल मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर लागतो. खडकात किती आहे यापेक्षा खडक ते कोणत्या वाटेने सोडतो आणि ती वाट काढताना काय सोसतो, हे अधिक महत्त्वाचे. या पुस्तकाला सांगायचे आहे ते एवढेच. बाकीची पाने त्याच्या पुराव्यासाठी आहेत.

घोटीचा खडक भूशास्त्रात नाव कमावून आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकामागून एक पसरले आणि दख्खनचे पठार तयार झाले. आज उरलेला त्याचा विस्तारच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. पश्चिम घाटातल्या थरांची क्रमवारी लावताना अभ्यासकांनी सर्वांत खालच्या गटाला कळसूबाईचे नाव दिले आणि त्या गटाच्या तळाकडच्या दोन शैलसमूहांना जव्हार व इगतपुरी ही नावे दिली. त्यामुळे जगभरातल्या ज्वालामुखी-अभ्यासकांच्या लेखनात आपल्या तालुक्याचे नाव थराचे नाव म्हणून वारंवार येते.

हे थर एकसारखे नाहीत. लाव्हा थंड होताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर निघाला आणि काही थर पोकळ्यांनी भरून गेले. पुढे त्या पोकळ्यांत भूजलाने आणलेली खनिजे साचली: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट. घोटीहून सिन्नरला जाणाऱ्या रस्त्याने गेले की तिथल्या गारगोटी संग्रहालयात या खनिजांचे जगात नावाजलेले नमुने पाहता येतात. दुसऱ्या प्रकारचे थर पोकळ्यांविना, घट्ट आणि जड. पण थंड होताना आकसल्यामुळे त्यांत उभ्या-आडव्या भेगा पडल्या. आता धरणाचा पाया कोणत्या थरावर घ्यावा, असे विचारले तर कुणीही घट्ट थराकडे बोट दाखवील. प्रा. आर. बी. गुप्ते यांच्यासारख्या पुण्यातल्या अभियांत्रिकी भूशास्त्रज्ञांनी दाखवून दिले ते याच्या उलट. पोकळ्यांचा न झिजलेला थर बहुधा भेगांविना असतो, पोकळ्या खनिजांनी बुजलेल्या असतात आणि एकमेकींना जोडलेल्याही नसतात. म्हणून तो पाणी अडवतो. घट्ट दिसणारा बेसाल्ट मात्र भेगांतून गळू शकतो.

सच्छिद्रता आणि पार्यता यांतला फरक समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. खडकात मोकळी जागा असणे ही एक गोष्ट आणि त्या जागांना एकमेकींत वाट असणे ही दुसरी. वाट नसेल, तर त्या जागा दारे नसलेल्या खोल्यांसारख्या: आत काहीही असो, बाहेरच्याला त्याचा उपयोग नाही.

याचा अनुभव तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांना दर उन्हाळ्यात येतो. इगतपुरीचा पाऊस राज्यातल्या मोठ्या पावसांपैकी एक. भातखाचरे तुडुंब भरतात, दारणा आणि वैतरणेला पूर येतो. पण एप्रिल-मे आला की डोंगरावरच्या वस्त्यांत हंड्यांच्या रांगा लागतात. विहीर खोदणारे थर ओळखतात ते माती, मुरूम, मांजऱ्या (पोकळ्यांचा बेसाल्ट) आणि काळा पाषाण अशा क्रमाने. पाणी राहते ते मुरमात, झिजून मऊ झालेल्या मांजऱ्यात आणि भेगांत. हा वरचा जाड-पातळ पट्टा संपला आणि खाली न झिजलेला पाषाण लागला, की खडक आपल्या आकारमानाच्या मानाने फारच थोडे पाणी धरतो. पाऊस कितीही पडो, साठवण ठरवतो तो खडक. उरलेले पाणी उतारावरून वाहून जाते आणि ते अडवायला माणसाला धरण बांधावे लागते.

धरणांच्या बाबतीत मात्र हाच खडक आपल्या कामी आला आहे. घोटीहून एक रस्ता उर्ध्व वैतरणेकडे जातो. तिथला 60 मेगावॉटचा जलविद्युत संच 1970च्या दशकात सुरू झाला. वीज करून सोडलेले पाणी पुढे मोडकसागरातून मुंबईच्या नळांना जाते. दुसरा रस्ता राजूरकडे, बारी आणि भंडारदऱ्यावरून घाटघरला. घाटघरचा उदंचन प्रकल्प 2008मध्ये कार्यान्वित झाला. वरचा जलाशय अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर, खालचा शहापूर तालुक्यात चोंढ्याला आणि दोघांमध्ये डोंगराच्या पोटात वीजघर. क्षमता 125 मेगावॉटच्या दोन संचांची. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, अशी ही रचना. हिशेब सोपा आहे. दोन जलाशयांच्या पातळीतला फरक सुमारे 400 मीटर. एवढ्या उंचीवरून एक हजार लिटर पाणी खाली आले, की साधारण एक युनिट वीज मिळते. पाणी पुन्हा वर चढवायला मात्र एका युनिटपेक्षा जास्त वीज लागते. म्हणजे हा प्रकल्प वीज निर्माण करण्यापेक्षा साठवण्यासाठी आहे आणि त्याच्या दोन्ही कामांचे ओझे वाहतो तो बेसाल्ट.

डोंगराच्या पोटात पाणी नेताना अभियंत्यापुढे एक विशेष प्रश्न उभा राहतो. 400 मीटर उंचीच्या पाण्याचा तळाशी दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 40 पट भरतो. बोगद्याभोवतीच्या खडकावरचा नैसर्गिक दाब याहून कमी असेल, तर पाणी खडकाच्या भेगा उकलते, गळती सुरू होते आणि उतारावरचा डोंगर निसटू शकतो. म्हणून असे बोगदे आखण्याआधी खडकातला मूळचा ताण मोजावा लागतो. त्यासाठीची एक रूढ चाचणी अशी: छिद्राचा छोटा भाग दोन्ही बाजूंनी बंद करायचा, त्यात पाण्याचा दाब हळूहळू वाढवायचा आणि खडक कोणत्या दाबाला फुटतो, भेग कोणत्या दाबाला पुन्हा उघडते, ते टिपायचे. जलदाबाने खडक फोडण्याची ही क्रिया जलविद्युत क्षेत्रात एक मोजमाप आहे. शेलमध्ये तीच मुख्य काम होते. घाटघरसारख्या ठिकाणी अभियंत्याला जे होऊ द्यायचे नसते, ते टेक्सासमध्ये शेल फोडणाऱ्या अभियंत्याला घडवून आणायचे असते. दोघांची गणिते एकाच पानावर मांडता येतात. फक्त असमानतेचे चिन्ह उलटे करावे लागते.

घोटीच्या थरांत शेलच्या वागणुकीला सर्वांत जवळचा कोण, असे विचारले तर उत्तर तांबड्या बोलचे थर. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात वरचा खडक झिजून जी माती झाली आणि पुढच्या प्रवाहाने भाजून-दाबून टाकली, तिचे हे पट्टे घाटात दुरूनही ओळखू येतात. कोरडे असताना ते बऱ्यापैकी टणक वाटतात, पण हवा-पाणी लागले की सुटू लागतात. बोगद्यात असा पट्टा आला, तर त्यावर तातडीने काँक्रीटचा फवारा मारून तो झाकावा लागतो. कारण त्यात चिकणमातीची खनिजे आहेत. पातळ पापुद्र्यांची ही खनिजे पाणी शोषतात, फुगतात आणि खडकाची पकड सोडवतात. निफाडकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि पावसात त्या मिटतात, त्यामागेही माँटमोरिलोनाइट हे याच कुळातले खनिज आहे. शेलच्या गोष्टीत ते पुन्हा भेटेल.

आता शेलकडे वळू. शांत पाण्याच्या तळाशी अतिसूक्ष्म गाळ बसतो. त्यातले चिकणमातीचे कण चार मायक्रॉनहूनही लहान असतात. वर आणखी गाळ साचत जातो, पाणी पिळून निघते, चपटे कण एकमेकांवर आडवे निजतात आणि पापुद्र्यांनी सुटणारा खडक तयार होतो. पृथ्वीवरच्या गाळाच्या खडकांत निम्म्याहून अधिक वाटा अशा चिखलापासून झालेल्या खडकांचा आहे. त्यातला बहुतेक शेल ऊर्जेच्या दृष्टीने निरुपयोगी. उपयोगी ठरतो तो असा, ज्याच्या गाळाबरोबर शैवाल आणि वनस्पतींचे अवशेष बुडाले आणि तळाशी प्राणवायू नसल्याने कुजले नाहीत. हे अवशेष खोल गाडले गेले, तापमान साधारण 60 अंश सेल्सिअसच्या वर गेले, की त्यांचे हळूहळू तेल होते. आणखी तापले की वायू. कमी तापले तर कच्चे राहते, फार तापले तर जळून जाते. म्हणून शेल पाहताना सेंद्रिय द्रव्य किती, हे विचारावे लागते आणि ते किती शिजले, हेही.

महाराष्ट्राचा शेलशी असलेला सर्वांत मोठा व्यवहार याच स्वयंपाकाचा आहे आणि तो समुद्राखाली झाला. 1974मध्ये मुंबई हायला तेल लागले ते चुनखडकात. पण ते तेल त्या चुनखडकात तयार झालेले नव्हते. ते शिजले पन्ना शैलसमूहातल्या शेलमध्ये आणि तिथून वाट काढत चुनखडकाच्या पोकळ्यांत येऊन थांबले. वर पुन्हा शेलचेच झाकण असल्यामुळे निसटले नाही. तेल करणारा शेल, तेल कोंडून ठेवणाराही शेल, आणि आपण नळी घातली ती मधल्या चुनखडकात. शंभर वर्षांहून अधिक काळ जगभरचा तेलउद्योग असाच चालला. शेलला तेलाची आई आणि तेलाचा पहारेकरी मानायचे, पण त्याच्याकडे थेट मागायला जायचे नाही. कारण तो सोडत नाही, हे सर्वांना ठाऊक होते.

सोडत नाही म्हणजे किती? खडकातून द्रव वाहण्याचा नियम फ्रेंच अभियंता आंरी दार्सी यांनी 1856मध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने वाळूवर प्रयोग करून मांडला. पार्यतेचे एकक, डार्सी, त्यांच्याच नावाचे आहे. तेल देणाऱ्या चांगल्या वालुकाश्माची पार्यता एक डार्सीच्या दहाव्या-शंभराव्या हिश्शात मोजतात. शेलची मोजायला डार्सीचे शंभर कोटी भाग करावे लागतात. दोघांत दहा लाख पटींचे अंतर सहज पडते. सच्छिद्रतेत मात्र असे अंतर नाही. वायू देणाऱ्या शेलच्या आकारमानाचा चार ते दहा टक्के भाग पोकळ असू शकतो, म्हणजे धरण्यात तो फारसा कमी पडत नाही. अडते ते पोकळ्यांच्या आकारापाशी. त्या काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटरच्या. मिथेनचा रेणू सुमारे 0.38 नॅनोमीटरचा. वायूचा काही भाग पोकळीत मोकळा असतो, काही सेंद्रिय द्रव्याच्या पृष्ठभागाला चिकटलेला. दाब कमी झाल्याशिवाय चिकटलेला सुटत नाही आणि सुटलेल्याला काही मीटर अंतर कापायला वर्षे लागतात.

तेव्हा उपाय एकच उरतो: वायूला लांब चालायला लावण्याऐवजी वाट त्याच्या दारापाशी न्यायची. अमेरिकेत हे एका दिवसात घडले नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनिया गावी 1821मध्ये विल्यम हार्ट यांनी उथळ विहीर खोदून शेलमधून झिरपणाऱ्या वायूवर दिवे पेटवले होते. जलदाबाने खडक फोडण्याचा पहिला प्रयोग 1947मध्ये कॅन्ससमध्ये झाला, तोही शेलमध्ये नव्हे. टेक्सासमधल्या बार्नेट शेलवर जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने 1981मध्ये पहिली विहीर घेतली आणि पुढची दीड दशके ती या खडकाशी झुंजत राहिली. महागड्या घट्ट जेलऐवजी मुख्यतः पाणी आणि थोडी वाळू वापरण्याची युक्ती 1990च्या दशकाच्या शेवटी लागू पडली. 2002मध्ये डेव्हन कंपनीने मिचेल यांची कंपनी विकत घेतली आणि तिला आडव्या विहिरींची जोड दिली. त्यानंतरचा इतिहास आकड्यांत दिसतो: अमेरिकेचे खनिज तेलाचे उत्पादन 2008मध्ये दिवसाला सुमारे 50 लाख पिंपे होते, ते 2023मध्ये जवळपास 1 कोटी 29 लाख पिंपांवर गेले.

यात यंत्रांइतकाच वाटा खडकाच्या स्वभावाचा आहे. बार्नेटमध्ये सिलिकाचे प्रमाण बरेच आहे आणि फुगणारी चिकणमाती कमी. असा खडक ठिसूळ असतो, दाब दिला की तडकतो, आणि पडलेल्या भेगांत वाळूचे कण अडकवले की त्या उघड्या राहतात. चिकणमाती जास्त असलेला शेल दाबाखाली वाकतो, पण फुटत नाही. फुटला तरी वाळू हळूहळू गिळतो आणि भेग मिटते. त्यात पाणी शोषून फुगणारी खनिजे असतील, तर पाण्याने फोडलेली वाट पाणीच बुजवते. म्हणून शेलची पाहणी करताना यंगचा गुणांक आणि पॉइसनचे गुणोत्तर मोजतात. पहिल्याने खडक किती ताठ आहे ते कळते, दुसऱ्याने दाबल्यावर तो आडवा किती फुगतो ते. हे आकडे थराच्या समांतर दिशेत एक आणि थराला लंब दिशेत दुसरे येतात, कारण पापुद्र्यांचा खडक सगळीकडून सारखा नसतोच.

खोलीचाही हिशेब आहे. दोन किलोमीटर खाली वरच्या खडकांचा भार वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 500 पट असतो. या खोलीवर भेग बहुधा उभी पडते आणि ज्या आडव्या दिशेत ताण सर्वांत कमी, त्या दिशेने ती फाकते. म्हणून विहीर आधी उभी उतरवतात, मग शेलच्या थरात वळवून त्या कमी ताणाच्या दिशेने किलोमीटर-दोन किलोमीटर आडवी नेतात आणि टप्प्याटप्प्याने फोडतात. एका विहिरीला कोटी-दोन कोटी लिटर पाणी लागणे सर्वसाधारण. अलीकडच्या लांब विहिरींना त्याहून जास्त. एवढे करून शेल आपल्याजवळच्या वायूचा बहुधा पाव हिस्साच देतो, आणि तेल असेल तर दहावा हिस्साही मुश्किलीने. पहिल्या वर्षातच विहिरीचे उत्पादन निम्म्याहून खाली येते. उत्पादन टिकवायचे तर नव्या विहिरी खोदतच राहावे लागते. शेलच्या अर्थकारणाचा गाभा हाच आहे, आणि तो पार्यतेतून आलेला आहे.

तिसरा प्रश्न सोसण्याचा. फोडलेल्या विहिरीतून परत येणारे खारट, दूषित पाणी ओक्लाहोमा राज्यात खोल खडकांत जिरवले गेले. तिथे फारसे भूकंप होत नसत. पण 2016च्या सप्टेंबरमध्ये पॉनीजवळ 5.8 तीव्रतेचा धक्का बसला. जुन्या भ्रंशाच्या भेगेत पाण्याचा दाब वाढला, की भेगेच्या दोन बाजूंना एकमेकींवर दाबून ठेवणारे बळ कमी पडते आणि त्या घसरतात. हे कारण महाराष्ट्राला नवे नाही. 11 डिसेंबर 1967च्या कोयनेच्या भूकंपाचा अभ्यास जगभर होतो तो जलाशयाच्या पाण्याने चेतवलेल्या भूकंपाचे उदाहरण म्हणून. फ्रान्सने 2011मध्ये शेल फोडण्यावर बंदी घातली, इंग्लंडमध्ये लँकशायरमधल्या धक्क्यांनंतर 2019मध्ये काम थांबवले गेले. टेक्सासच्या विरळ वस्तीच्या माळावर जे सोसले जाते ते दाट वस्तीच्या, आधीच पाण्यासाठी भांडणाऱ्या खोऱ्यात सोसले जाईलच, असे नाही.

भारताची गोष्ट या तिन्ही प्रश्नांच्या उजेडात वाचली, की नीट लागते. जानेवारी 2011मध्ये ओएनजीसीला पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूर येथे सुमारे 1,700 मीटर खोलीवरच्या शेलमधून वायू मिळाला. 2013मध्ये सरकारने सार्वजनिक तेल कंपन्यांसाठी शेलचे धोरण जाहीर केले. त्याच सुमारास साठ्यांचे अंदाज आले. अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेने 2012मध्ये खंभात, कृष्णा-गोदावरी आणि कावेरी या खोऱ्यांसाठी 6.1 लाख कोटी घनफूट वायूचा अंदाज दिला. अमेरिकेच्याच ऊर्जा-माहिती प्रशासनाने 2013मध्ये भारतासाठी 96 लाख कोटी घनफूट काढता येण्याजोगे सांगितले. खोरी तंतोतंत तीच नव्हती, पद्धतीही वेगळ्या. तरी पंधरा पटींचा फरक पाहून वाचकाने सावध व्हायला हवे. वर्तमानपत्रांत मोठा आकडा गाजला. ओएनजीसीने त्यानंतर खंभात आणि कृष्णा-गोदावरीसह अनेक ठिकाणी विहिरी घेतल्या, पण अमेरिकेसारखे व्यापारी उत्पादन उभे राहिले नाही. खडकात आहे, यावर वाद नव्हता. तो सोडतो का, याचे उत्तर अंदाजाच्या तक्त्यातून मिळणारे नव्हते. ते खोदूनच मिळायचे होते.

आपल्या बेसाल्टच्या खाली शेल दडला आहे का, हा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर जागेगणिक वेगळे. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या छिद्रात 338 मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा खडक आणि मग थेट पुरातन पाया लागला. कोयनेजवळ रसाटीला सुमारे 930 मीटर बेसाल्ट संपताच ग्रॅनाइटी पाया आला. मध्ये गाळाचा खडक नव्हताच. उत्तरेकडे तापी-नर्मदेच्या पट्ट्यात मात्र लाव्हाखाली मध्यजीव काळातले गाळाचे जाड थर असल्याचे भूभौतिकी सर्वेक्षणांतून दिसले आहे. पण बेसाल्टचे एकावर एक थर भूकंपलहरी विखुरतात आणि खालचे चित्र धूसर करतात. वरचा खडक आपल्याला खालचे नीट पाहू देत नाही, हाही त्याचा एक भौतिक गुणच.

असे असले तरी शेल महाराष्ट्रात येतो, आणि तो दोन वाटांनी येतो. पहिली समुद्रमार्गाची. अमेरिकेतल्या लुइझियानातून द्रवरूप वायू घेऊन आलेले गेलच्या दीर्घ मुदतीच्या करारातले पहिले जहाज 30 मार्च 2018 रोजी दाभोळला लागले. त्या देशाच्या नळ्यांतला बहुतांश वायू आज शेलचाच. दुसरी वाट कोळशाची. चंद्रपूर, वणी, उमरेड या गोंडवन प्रदेशातल्या खाणींत कोळशाच्या पट्ट्यांमध्ये शेलचे पट्टे असतात आणि कोळशातही चिकणमाती मिसळलेली असते. भारतीय कोळशात राख 30 ते 45 टक्के निघते ती मुख्यतः यामुळे. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रापाशी राखेचे ढीग दिसतात त्यांच्या मुळाशी हा जुना चिखल आहे. राख वाया जाते असेही नाही. रोलरने दाबून बसवलेल्या काँक्रीटची देशातली पहिली धरणे घाटघरला झाली आणि त्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जोडीला औष्णिक राख मोठ्या प्रमाणात वापरली गेली. म्हणजे शेल घोटीत सापडत नाही, हे पहिले वाक्य थोडे सैल करून वाचावे.

पुस्तकाच्या मांडणीविषयी दोन शब्द. पहिल्या भागात कण, पोकळ्या आणि सेंद्रिय द्रव्य यांची माहिती आहे. दुसऱ्या भागात दार्सीचा नियम, नॅनोमीटरच्या पोकळ्यांतला वायू आणि भेगांची वाहतूक. तिसऱ्या भागात ताण, ठिसूळपणा, पाणी आणि भूकंप. प्रत्येक भागात एक प्रकरण बेसाल्टवर आणि बाकीची शेलवर आहेत, म्हणजे वाचकाला हाताशी असलेल्या खडकाशी ताडून पाहता येईल. गणित जिथे टाळता आले तिथे टाळले आहे. जिथे टाळल्याने खोटे बोलावे लागले असते तिथे दिले आहे. बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र झालेल्या कुणालाही ते झेपेल. शेल, डार्सी, केरोजेन (शेलमधले सेंद्रिय द्रव्य) असे रुळलेले शब्द तसेच ठेवले आहेत. जिथे विहीर खोदणाऱ्यांकडे स्वतःचा शब्द आहे तिथे तोच घेतला आहे.

हे पुस्तक विद्यार्थ्यांसाठी आहे, पण घोटी-इगतपुरीच्या वाचकाला त्याचा तातडीचा उपयोगही आहे. सौर आणि पवन वीज वाढते तशी ती साठवण्याची गरज वाढते, आणि सह्याद्रीचा सरळ तुटलेला कडा उदंचन प्रकल्पांना हवा तसा आहे. भावली परिसरात 1,500 मेगावॉटच्या प्रकल्पाची आखणी झाली आहे, म्हणजे घाटघरच्या सहा पट. अशा मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीसाठी 2006च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो. सुनावणीत जमीन, मोबदला आणि पाणी यांविषयी लोक हिरिरीने बोलतात, बोलायलाच हवे. भूशास्त्राचे प्रकरण मात्र तज्ज्ञांचे म्हणून न उघडता राहते. ते उघडावे. जलाशयाखालचा थर पोकळ्यांचा आहे की भेगांचा? बोगदा तांबड्या बोलच्या पट्ट्यातून कुठे जातो? खडकातला ताण प्रत्यक्ष मोजला की शेजारच्या प्रकल्पावरून धरला? बोगद्यांच्या वरच्या वाड्यांचे झरे कोणत्या थरातून येतात याची नोंद काम सुरू होण्याआधी घेतली का? किती गाभाछिद्रे घेतली आणि त्यांचे नमुने कुठे पाहायला मिळतील? प्रकल्पाला विरोध असो की पाठिंबा, या प्रश्नांची उत्तरे दोघांनाही लागतात. ती मागण्याइतकी खडकाची ओळख वाचकाला करून देता आली, तर पुस्तकाचे काम झाले.